सिनेमा कापसाचा असतो: जुने चित्रपट गेले कुठे, आणि उरलेले असे का दिसतात?

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आला होता. बारा वर्षांचा. दुपारी बाहेर त्रेचाळीस अंश, म्हणून पडदे ओढून त्याला 'राजा हरिश्चंद्र'चे जे तुकडे उरलेत ते दाखवायला बसले. दोन मिनिटं गप्प राहिला, मग म्हणाला, "आत्या, ही लोकं अशी का पळूलालेत?" राजा चालत होता, राणी चालत होती, ऋषी चालत होते, आणि सगळे खरंच गाडी सुटायला आल्यासारखे चालत होते. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. "आणि बाकीचा सिनेमा कुठंय?"

दोन्ही प्रश्न नेमके आहेत. त्यातच हल्ली बातम्यांत 'रिस्टोअर केलेला चित्रपट', '४के प्रिंट' असे शब्द सारखे कानावर पडतात. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला १९७६ चा 'मंथन' २०२४ साली अशाच नव्या रूपात फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते इतकंच की काहीतरी 'साफ' केलं. काय साफ केलं, मुळात खराब कशामुळे झालं, आणि जे खराब व्हायलाही उरलं नाही त्याचं काय, हे कुणी सांगत नाही. भाच्याला मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

रिस्टोरेशन म्हणजे जुन्या, झिजलेल्या फिल्मवरून मूळ चित्रपट शक्य तितका जसाच्या तसा पुन्हा उभा करणं. आपल्याकडे देवळांच्या बाबतीत यासाठी चांगला शब्द आहे, जीर्णोद्धार. यापुढे मी तोच वापरणार आहे.

फिल्म ही नेमकी कसली वस्तू आहे?

सोलापूरकरांना हे समजावणं सोपं जातं, कारण फिल्मचा पहिला कच्चा माल आपल्या ओळखीचा आहे. कापूस.

कापसाच्या तंतूवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. त्यात कापूर वगैरे मिसळून त्याचा पातळ, लवचिक, काचेसारखा पारदर्शक पत्रा करता येतो. हाच सेल्युलॉइड. त्याच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या की सिनेमाची फिल्म. हिलाच नायट्रेट फिल्म म्हणतात, आणि १९५० च्या आसपासपर्यंत जगातला जवळपास सगळा सिनेमा हिच्यावरच निघाला. या पट्टीवर जिलेटिनचा थर असतो, जो जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. त्या जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार असतात. उजेड पडला आणि फिल्म धुतली की त्या क्षारांची बारीक काळी चांदी होते. जुन्या सिनेमातली रात्र, नायिकेचे केस, राजाची सावली हे सगळं म्हणजे चांदीचे कण.

कापूस, हाडं आणि चांदी. हे तीन शब्द लक्षात ठेवले की जुन्या सिनेमाचं पुढे काय झालं ते आपोआप उलगडतं.

चित्र हलतं कसं?

चादरीचा जॅकार्ड माग ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते आणि प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली असतात. एक पट्टी म्हणजे नक्षीची एक ओळ. मोर कुठल्याच एका पट्टीत नसतो. पट्ट्या ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेगानं सरकल्या की खाली कापडावर मोर उतरतो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक झालंय, पण ती माळ आणि तिचा तो खटखटाट आठवणारे लोक गावात पुष्कळ आहेत.

फिल्मचं तसंच आहे. एकेक चौकट म्हणजे एक स्थिर फोटो, त्यात काहीच हलत नाही. दोन्ही कडांना भोकं, ती दात्यांत अडकतात आणि पट्टी एकेक चौकट पुढे सरकते. मधल्या क्षणी झडप पडून उजेड अडतो, म्हणून सरकणं आपल्याला दिसत नाही, फक्त चित्रामागून चित्र दिसतं. आपले डोळे आणि मेंदू मिळून त्याची हालचाल करून टाकतात.

दादासाहेब फाळक्यांनी ही गोष्ट भांडवल देणाऱ्यांना पटवायला वाटाण्याचं रोप वापरलं. लंडनहून १९१२ साली कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीतल्या रोपाच्या थोड्या थोड्या चौकटी रोज टिपल्या. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत झाली आणि लोक थक्क झाले. महाराष्ट्रातल्या सिनेमाची सुरुवात अशी अंकुरानं झालेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांना मिळणारी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. ती भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या, तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. एका फुटात १६ चौकटी बसतात, प्रत्येक चौकटीला एका कडेला चार भोकं, म्हणजे दोन्ही कडा धरून फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. हिशेब केला तर एकदा पडद्यावर जाणाऱ्या लांबीलाच पावणेपाच लाखांच्या घरात भोकं होतात. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री ही बाई अंधारात बसायची.

मग माणसं पळतात का?

तो दोष त्या माणसांचा नाही, आपल्या यंत्राचा आहे.

मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं दांडा फिरवून चालवायचे. साधारण सेकंदाला १६ ते २० चौकटी पडायच्या, वेग माणसागणिक आणि प्रसंगागणिक बदलायचा. थिएटरातला ऑपरेटरही आपल्या अंदाजानं वेग धरायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटी आवाज आला आणि हे सगळं बदललं, कारण आवाजाचा वेग जरा जरी इकडेतिकडे झाला तर गाणं लगेच बेसूर होतं. म्हणून सेकंदाला २४ चौकटी हा वेग जगभर पक्का झाला. पुढची सगळी यंत्रं त्याच वेगाची निघाली.

आता १६ च्या वेगानं काढलेली फिल्म २४ च्या यंत्रात घातली तर काय होणार? दीडपट पळणार. 'राजा हरिश्चंद्र'चे ३,७०० फूट १६ च्या वेगानं दाखवले तर तासाभराच्या वर जातात, २४ च्या वेगानं एकेचाळीस मिनिटांत संपतात. याचा अर्थ असा की एका तासाच्या चित्रपटातली वीस मिनिटं आपण नुसत्या घाईनं गिळून टाकतो. आजोबांचं कीर्तन टेपरेकॉर्डरवर दीडपट वेगानं ऐकून 'आजोबा किती चिरक्या आवाजात बोलायचे' असं कुणी म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

काही विनोदी चित्रपटांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून धावपळ जास्त दाखवायचे, हेही खरं. पण ती त्या कलाकारांची निवड होती. हरिश्चंद्र आणि तारामती राज्य सोडून निघतात तेव्हा त्यांना घाई नव्हती.

भाच्याला मी तोच तुकडा मोबाइलवर ०.७५ वेगानं लावून दाखवला. राजा चालायला लागला. पोराचा चेहरा बदलला ते मी पाहिलं.

आणखी काय काय चुकीचं दिसतं?

त्या काळातल्या फिल्मला तांबडा रंग जवळपास दिसतच नसे. निळा मात्र ती पांढऱ्यासारखा टिपायची. म्हणून जुन्या चित्रपटांत आभाळ कोरं पांढरं असतं, ढग नसतात. लाल ओठ काळे पडतात. कपाळावरचं कुंकू त्या फिल्मवर काळ्या टिकल्यासारखं उमटतं. नटनट्यांच्या तोंडाला जो भडक रंग फासलेला वाटतो त्यातला बराचसा फिल्मच्या या आंधळेपणाशी झुंज म्हणून होता. सगळे रंग करड्या छटांत नीट टिपणारी फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास वापरात आली.

'कृष्णधवल' हा शब्दही पुरता खरा नाही. कित्येक मूकपटांच्या प्रती रंगात बुडवून काढायचे. रात्रीचा प्रसंग निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळसर, आगीचा तांबडा. नंतर या प्रतींवरून साध्या काळ्या-पांढऱ्या नकला काढल्या गेल्या आणि तो रंग आपल्यापर्यंत पोचलाच नाही.

आणि मूकपट मुका कधीच नव्हता. पडद्यापाशी पेटी, तबला, कुठे फिडल असायचं. मधे मधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी त्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असायचा. सोलापुरात ही गोष्ट वेगळीच कळते. इथे एका गल्लीत घरात तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोटच्या पाहुण्याशी कन्नड आणि शेजाऱ्याशी दखनी बोलली जाते. मूकपटाला यातली कुठलीच भाषा अडवत नव्हती. पाटी बदलली की काम झालं. बोलपट आला आणि प्रेक्षक पहिल्यांदा भाषेप्रमाणे वाटले गेले. हे नुकसान कुणी फारसं मोजत नाही.

बरं, बाकीचा सिनेमा गेला कुठे?

आधी आकडा. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि त्यातले तिसाच्या आसपास उरलेत, तेही बरेचसे अर्धवट. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं असं जे दाखवतात, ते १९१३ चं नसून फाळक्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीचं असावं असंही काही अभ्यासक मानतात. अमेरिकेत २०१३ साली तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं केलेल्या पाहणीत सुमारे ११ हजार मूक कथापटांपैकी १४ टक्केच मूळ रूपात शिल्लक असल्याचं निघालं. हा प्रश्न फक्त आपल्या हेळसांडीचा नाही.

कारणं तीन, आणि तिन्ही त्या कच्च्या मालात आहेत.

पहिलं, कापूस. नायट्रोसेल्युलोजचं जवळचं भावंड म्हणजे तोफा-बंदुकांत वापरायची दारू. नायट्रेट फिल्म पेटली की जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच निघतो, त्यामुळे ती पाण्याखालीही जळत राहते. वाळू टाकून उपयोग नाही. आणि पेटली नाही तरी ती मरते. उष्णतेनं आणि दमटपणानं तिच्यातून आम्ल सुटतं, ते आम्ल तिलाच खातं. आधी चित्र फिकटतं, मग फिल्म चिकट होते, मग गुळाच्या पाकासारखे बुडबुडे येतात, पुढे वेटोळ्याचा दगड होतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. अशी सडलेली फिल्म ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिली तर आपोआप पेट घेऊ शकते. आपल्या गावात एप्रिल-मे म्हणजे तेवढं तापमान रोजचं. पत्र्याखालच्या खोलीत किती होत असेल?

पुण्यात जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि हजारो रिळं गेली. ते आवार म्हणजे एके काळचा प्रभात स्टुडिओ.

दुसरं, चांदी. बोलपट आल्यावर मूकपटाला कुणी विचारेना. थिएटर घेईना, मालकाला गोदामाचं भाडं परवडेना. मग फिल्म भट्टीवाल्याला किलोवर विकायची, तो चांदी काढून घेणार. जुनी जरीची पैठणी बोहारणीला द्यावी तसंच हे. लोक वाईट नव्हते. त्या काळी चित्रपट एकदा चालून गेला की तो संपला, असाच सगळ्यांचा समज होता. टीव्ही नव्हता, पुन्हा दाखवून पैसे मिळतील हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस, ज्यानं १९०२ साली चंद्रावरची सफर पडद्यावर आणली, त्याच्या फिल्म पहिल्या महायुद्धात वितळवून बुटांच्या टाचांसाठी वापरल्या गेल्या. उरलेल्या त्यानं १९२३ साली वैतागून स्वतःच जाळल्या.

तिसरं, हाडं. जिलेटिन म्हणजे खाद्य. बुरशी लागते, कीड लागते, ओल आली की वेटोळी एकमेकांना चिकटतात.

नायट्रेटच्या धोक्यामुळे पुढे 'सेफ्टी फिल्म' आली, असिटेटची. ती तशी सहज पेटत नाही, पण तिलाही रोग आहे. ती सडायला लागली की व्हिनेगरचा वास सुटतो. हा वास मला पुस्तकातून कळलेला नाही. माझा मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. तो गेल्यावर त्याच्या खोलीचा माळा आवरताना एक गंजलेला पत्र्याचा डबा निघाला. झाकण चिकटलेलं. चमच्यानं उचकटलं तसा आंबूस, नाकात जाणारा वास आला. मामी म्हणाली, "लोणचं नासलंय का गं?" आत काळं, चकचकीत वेटोळं होतं, कडेनं जरा आक्रसलेलं. त्या डब्याकडे शेवटी येते.

हे सगळं फार प्राचीन काळात घडलं असंही समजू नका. १२ जानेवारी १९३१ ला आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन, शिंदे. त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. त्यानंतर दोन महिन्यांनी, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला, भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज नाही. एवढ्या जवळच्या काळातली गोष्ट आहे ही.

हरवलेलं कधी सापडतं का?

सापडतं, आणि कुठे सापडेल सांगता येत नाही. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल ड्रायर याच्या १९२८ च्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह जळाली होती. १९८१ साली नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात कपाट आवरताना डबे मिळाले, आत तोच चित्रपट. जर्मनीच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस'चा कापून टाकलेला भाग २००८ साली अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या संग्रहालयात निघाला, सुमारे पंचवीस मिनिटांचा, ओरखड्यांनी भरलेला. मेलिएसच्या चंद्राच्या सफरीची हातानं रंगवलेली प्रत १९९३ साली बार्सिलोनात मिळाली.

आपल्याकडे हे काम मुख्यतः एका माणसानं केलं, पी. के. नायर. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, नायर पुढच्या वर्षी तिथे आले आणि १९९१ पर्यंत राहिले. फाळक्यांच्या मुलांना गाठून, जुन्या मालकांच्या दारात बसून, गोदामं धुंडाळून त्यांनी डबे जमवले. 'कालिया मर्दन'सारखा १९१९ चा चित्रपट आज सलग पाहता येतो तो त्यांच्यामुळे. सिनेमावर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी घराला हे नाव ठाऊक असायला हवं.

जीर्णोद्धार करतात म्हणजे काय करतात?

आधी जगभरातून मिळतील तेवढ्या प्रती गोळा करतात. एका प्रतीत तिसरं रीळ चांगलं, दुसरीत पाचवं. फाटलेल्या पोथीची पानं चार मठांतून जमवून संहिता लावावी तसं. मग हातानं दुरुस्ती, फाटलेली भोकं सांधणं, धुणं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनमध्ये आगीत होरपळल्या. कडा करपून कडक झालेल्या त्या रिळांना आधी ओलावा देऊन मऊ केलं, मग एकेक भोक हातानं सांधलं, आणि २०१५ साली ते चित्रपट पुन्हा पडद्यावर आले.

त्यानंतर प्रत्येक चौकटीचा बारीक फोटो काढतात. '४के' म्हणजे त्या फोटोची रुंदी साधारण चार हजार ठिपक्यांची. शंभर मिनिटांच्या बोलपटात १,४४,००० चौकटी असतात. त्यावरचे ओरखडे, डाग, थरथर संगणकावर काढायची, पण पाऊस आणि ओरखडा यातला फरक माणसालाच ओळखावा लागतो. यंत्राला दोन्ही उभ्या रेषाच वाटतात.

'यूट्यूबवर सगळं आहे की'

तिथे आहे ती बहुतेक वेळा नकलेची नक्कल. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर कसं पुसट होतं ते आपण जाणतो. वेग चुकलेला, कडा कापलेल्या, मधले तुकडे गायब. बघू नका असं मी म्हणत नाही, मीही तिथेच बघते. पण मूळ डबा शाबूत असेल तरच उद्या त्यावरून चांगली प्रत काढता येते.

डिजिटल करून मूळ फेकून द्यायचं, हाही सल्ला ऐकायला मिळतो. घरातल्या लग्नाची सीडी आज कुणाला लावता येते, ते पाहा. हार्ड डिस्क बंद पडते, फाइल उघडत नाही, दर काही वर्षांनी सगळं नव्या साठ्यावर चढवावं लागतं. थंड, कोरड्या खोलीत नीट ठेवलेली फिल्म शंभर वर्षंही टिकते, आणि ती पाहायला शेवटी एक दिवा आणि एक भिंग पुरतं.

'एआयनं रंग भरा, सरळ करा'

हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला कुणी गुलाबी ऑइलपेंट फासलेला पाहिला की पोटात कसं तुटतं? मला तेच वाटतं. साडी हिरवी होती की जांभळी, हे चांदीच्या कणांत लिहिलेलं नाही. संगणक अंदाज करतो आणि आपण तो खरा धरतो. १६ चौकटींच्या मधे नव्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतात, तेव्हा त्या मधल्या चौकटींतला चेहरा त्या नटाचा नसतो. तो कुणाचाच नसतो. योग्य वेगानं, योग्य छटेत दाखवलं तर मूळ चित्र इतकं सुंदर असतं की यातलं काही लागत नाही.

'इथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि तुम्हाला सिनेमाचं पडलंय'

हा आक्षेप मी घरच्या माणसाकडूनच ऐकलाय, आणि मला तो हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. पाणी आधी, यात वाद नाही. पण जुना सिनेमा जपणं हा पाण्याच्या तोंडचा घास नाही. एक थंड खोली आणि लक्ष देणारी चार माणसं, एवढीच त्याची सुरुवात असते.

आणि त्यातून काय मिळतं ते पाहा. भैय्या चौकाजवळच्या घरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. जन्म १९१०, सोलापूर. मृत्यू १९४२, चीनमध्ये, युद्धातल्या जखमींची सेवा करताना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. चारच वर्षांनी, १९४६ साली, व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. तो नायट्रेटच्या काळातला चित्रपट आहे. 'आलम आरा'सारखाच तोही नाहीसा होऊ शकला असता. उरला, म्हणून आज आपली शाळेतली मुलं त्यांच्या गावचा डॉक्टर पडद्यावर पाहू शकतात. दाखवायचं मात्र आपण राहून जातो.

'पण जुना अभिनय भडक वाटतो'

वाटतो, थोडा वेळ. आवाज नव्हता तेव्हा हात आणि डोळे बोलायचे. शिवाय नट आलेले नाटकातून, शेवटच्या रांगेला दिसेल असं करायची सवय. दहा मिनिटं धीर धरला की डोळा बसतो.

सुरुवात कुठून करावी विचाराल तर 'कालिया मर्दन'. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झालीय. सुरुवातीलाच ती साध्या पोरीसारखी कॅमेऱ्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. शंभर वर्षांपूर्वीची ती मुलगी आजच्या कुठल्याही मुलीइतकी ताजी आहे. त्यानंतर बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) आणि चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' (१९३१). मुलं असतील तर कीटन आधी, त्यात आगगाडी आहे.

मग प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२). पहिला मराठी बोलपट, आणि गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच. १९१३ साली तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. एकोणीस वर्षांनी त्याच भूमिकेत दुर्गा खोटे उभ्या राहिल्या. दोन्ही तारामती एका संध्याकाळी लागोपाठ पाहा. मधल्या काळात महाराष्ट्रात किती काय झालं ते त्या दोन चेहऱ्यांत दिसतं.

आणि 'संत तुकाराम' (१९३६). दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा, १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव. त्यातला 'आधी बीज एकले' हा अभंग शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला होता, पण लोकांना तो तुकोबांचाच वाटतो. माझा जीव मात्र जिजाईवर आहे. मूल आजारी पडल्यावर ती थेट देवळात जाऊन विठोबाला जाब विचारते. पंढरपूर इथून सव्वा-दीड तासावर. आपल्या घरातल्या किती बायकांनी विठोबाशी असं भांडण काढलंय ते आठवून बघा. त्यात काही भडक वाटत नाही.

घरात असा डबा सापडला तर

टॉकीजमध्ये काम केलेली, फिरता सिनेमा चालवलेली माणसं आपल्या जिल्ह्यात खूप होती. त्यांच्या माळ्यावर काही असू शकतं. असलं तर प्रोजेक्टरवर घालून बघायचा मोह टाळा, कोरडी पडलेली फिल्म तिथेच तुटते. काडी, उदबत्ती, गॅस यांच्याजवळ उघडू नका. कडेला धरून थोडीशीच पट्टी उजेडाकडे करा. काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत 'सेफ्टी' लिहिलेलं असेल तर आगीचं तेवढं भय नाही. 'नायट्रेट' असेल, किंवा काहीच नसेल आणि डबा १९५० च्या आधीचा वाटत असेल, तर तो घराबाहेर सावलीत ठेवून लगेच जाणकाराला विचारा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, आतला वायू आतच राहून सडणं वाढतं. सेफ्टी असेल तर पत्र्याखाली नको, घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा बघा. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डब्यावरची चिठ्ठी, रिळाचा नंबर, पुसट झालेलं नाव, यातलं काही पुसू नका.

मामाच्या डब्यावर चिठ्ठी नव्हती. आत एकच रीळ, सेफ्टी फिल्म, म्हणजे फार जुनं नाही. मामीच्या खिडकीत मी फूटभर पट्टी दोन्ही हातांत धरली. भाचा बोटानं मोजत होता, सोळा चौकटी. पहिल्या चौकटीत एक बाई चुलीपुढे बसलेली. सहाव्या-सातव्या चौकटीपासून तिची मान वळायला लागते. सोळाव्यात ती दाराकडे बघतेय, डोक्यावरचा पदर सावरायला हात वर निघालेला.

"दारात कोण आलंय?" भाच्यानं विचारलं. मी पुढची पट्टी हळूच सोडवायला गेले, पण तिथून आत वेटोळी एकमेकांना चिकटलेली होती.